सूर्याची ठेव आणि आपली मुले

(समाजमंदिर, मोर्शी येथे दिलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकून. शिक्षण बी. ए. पर्यंत. विज्ञानावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर उत्तर सरळ आहे. अधिकार नाही, पण गरज आहे. शिवाय ठेव आणि कपात यांचा हिशेब आम्हास कळतो, आणि आजचा विषय ठेवीचाच आहे.

आपल्या मोर्शी-वरुडच्या टापूत संत्र्याला पाणी द्यायला रात्री-अपरात्री वावरात गेला नाही असा माणूस विरळा. मालक असो की मजूर, साप-विंचवाची भीती दोघांनाही सारखीच. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. पण सूर्य हा रोजंदारीचा मालक आहे. तो दिवसा मजुरी देतो आणि सायंकाळी निघून जातो. आपला खर्च मात्र रात्रीही चालूच असतो. तेव्हा दिवसाची वीज साठवून ठेवायची कशी, हा आज साऱ्या जगापुढील प्रश्न आहे.

एक मार्ग बॅटरीचा. दुसरा मार्ग असा की, विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन वायू वेगळा काढायचा, तो साठवायचा आणि गरज पडेल तेव्हा इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, त्याची पुन्हा वीज करायची. येथे आमचा हिशेब लागू होतो. एक किलो हायड्रोजन तयार करण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते सुमारे ३३ युनिटची. तिची पुन्हा वीज करताना निम्मीच हाती येते. म्हणजे ५० ठेवले आणि १६-१७ परत मिळाले! अशी बँक कोणत्याही खातेदाराला परवडणार नाही.

ही कपात कमी करण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, त्याला उत्प्रेरक म्हणतात. सोयरीक जुळविणारा माणूस दोन घरांना एकत्र आणतो आणि स्वतः जसाचा तसा बाजूला राहतो, तसे त्याचे काम. तो रासायनिक क्रिया सुलभ करतो, पण स्वतः त्यात खर्ची पडत नाही. आपण शेतात टाकतो त्या युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात लोखंडाच्या उत्प्रेरकावरच तयार होतो. ही रीत १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. हायड्रोजनच्या बाबतीत अडचण अशी की, चांगले उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम आणि इरिडियम. दोन्ही अत्यंत महाग आणि दुर्मिळ. त्यांच्या जागी निकेल, लोखंड, कोबाल्ट असे स्वस्त धातू चालतील काय, याचा शोध देशोदेशींच्या प्रयोगशाळांत चालू आहे.

हा शोध कोणा एका देशाचा नाही, हे विशेष. लिथियम बॅटरीचेच पाहा. व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत पाया घातला, गुडइनफ यांनी १९८० साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे पुढचे पाऊल टाकले, जपानच्या योशिनो यांनी ती १९८५ साली वापरण्याजोगी केली. २०१९ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून मिळाले. २०१५ साली पॅरिस येथे भारतासह २० देशांनी स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनासाठी ‘मिशन इनोव्हेशन’ हा उपक्रम उभारला. भारत-फ्रान्स संयुक्त संशोधनाचे केंद्र तर १९८७ पासूनचे आहे.

आपल्या पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तिचे पहिले दोन संचालक मॅकबेन आणि फिंच हे परदेशी होते. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक १९५७ साली आले. परक्याकडून शिकले आणि मग स्वतः उभे राहिले. याच प्रयोगशाळेच्या संशोधनातून, केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने, हायड्रोजनवर चालणारी देशी बनावटीची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात लोकांपुढे आली.

बंधू-भगिनींनो, विजेचे महत्त्व आपणास नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीज धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट देशाच्या दारिद्र्याशी जोडला. दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा अनुभव असलेले अभियंता व्हूर्डुइन यांना आणले गेले. ज्ञान जेथे असेल तेथून घ्यावे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेल्या बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यातही तेच केले.

आता आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक शेतमजूर आमच्या टेबलाशी आला. मुलगी रसायनशास्त्रात एम. एस्सी. करू म्हणते, कर्ज मिळते काय साहेब, असे त्याने विचारले. गर्दीची वेळ होती. वर न पाहता आम्ही म्हणालो, “तारण आणा.” तो गेला, पुन्हा आला नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण न घेण्याची हमी योजना २०१५ पासून होती. आम्हास ती ठाऊक होती. ती मुलगी पुढे काय झाली, आम्हास माहीत नाही. स्वतः फीच्या धाकाने विज्ञान शाखा सोडलेल्या माणसाने दुसऱ्याच्या लेकरासमोर तेच दार लावले, ही बोच आजही जात नाही.

म्हणून विनंती एवढीच. दहावी-बारावीच्या मुलामुलींना विज्ञानाची भीती घालू नका. परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्राची आणि राज्याची शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती वेळेवर काढा. कर्जाचा अर्ज भरायचा असेल तर रविवारी आमच्या घरी या, आम्ही भरून देऊ. सूर्याची ठेव जपण्याचे हे काम साऱ्या जगाचे आहे. त्या कामात आपल्या मोर्शीच्याही एखाद्या लेकीचा हात असावा, एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जयभीम!