साहित्य मांडणारा माणूस

आपल्या तिवसा तालुक्यात काळी, चुनखडीची जमीन पुष्कळ. अशी चिमूटभर माती काचेवर घ्या आणि तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. माती फसफसते. चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. ज्या पोराच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे, त्याला विज्ञानाच्या सरांनी तासात तिथंच सांगावं, की चुनखडी जास्त झाली की झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो पोरगा त्याच संध्याकाळी बगीच्यात जाऊन पानं पाहील. त्याला ती अभिक्रिया घोकावी लागणार नाही.

या दोन थेंबांमागं मात्र बरंच काम असतं. आम्ल विरल करायचं, तेही पाण्यात आम्ल हळूहळू सोडून. उलट कधीच नाही. बाटलीवर नाव लिहायचं, प्रत्येक गटाचं साहित्य मांडायचं, घंटा झाली की धुऊन, मोजून कपाटात ठेवायचं. हे काम प्रयोगशाळा सहायकाचं आणि परिचराचं. तो माणूस नसला की पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात सर एकटेच प्रयोग करून दाखवतात. मागची मुलं टाचा उंचावून पाहतात आणि निरीक्षण फळ्यावरून वहीत उतरवतात.

डिसेंबर 2020 मध्ये शासनानं ठरवलं, की अनुदानित शाळांतली शिपाई, परिचर ही पदं रिकामी होतील तशी नियमित भरायची नाहीत. शाळेला ठोक भत्ता द्यायचा. प्रयोगशाळा परिचरही त्यातच आला. अशा ठोक भत्त्यावर आम्ल हाताळायला शिकलेला माणूस टिकेल कसा? कायदाही मदतीला येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ग्रंथालय आहे, खेळाचं साहित्य आहे. प्रयोगशाळा नाही. म्हणजे या कायद्यानं आठवीपर्यंत तिची सक्तीच नाही. पुढं दहावीला विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण. हे 20 गुण शाळेच्याच हाती असल्यानं परीक्षानळीला हात न लावताही मिळू शकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या पालकसभेत आपल्या मुलीची प्रयोगवही मागून घ्या. तिलाच विचारा, फसफस झाली तेव्हा आम्लाचे थेंब कोणाच्या हातून पडले? उत्तर ‘सरांच्या’ असं आलं, तर मुख्याध्यापकांना विचारा, साहित्य मांडायला माणूस कोण आहे, आणि नसेल तर त्याच्या मानधनासाठी आपण गावकरी काय करू शकतो?