घरच्या माणसांचा इतिहास

इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सभांचे ठराव, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु तो काळ ज्यांनीं प्रत्यक्ष सोसला, तीं माणसें पुष्कळदां घरच्याच ओसरीवर बसलेलीं असतात आणि त्यांना कोणी कांहीं विचारीत नाहीं. मुंबईचे अनुबोधपटकार आनंद पटवर्धन यांनीं तें विचारलें. त्यांतून निर्माण झालेला ‘वसुधैव कुटुंबकम्’ हा अनुबोधपट २०२३ सालीं लोकांपुढें आला.

१९५० सालीं जन्मलेल्या पटवर्धनांची वृत्ति पहिल्यापासून स्वतंत्र. १९७४ सालीं बिहारांत जयप्रकाशजींचें आंदोलन चाललें असतां त्यांच्या हातीं होता तो घरगुती उपयोगाचा सुपर एट कॅमेरा. त्यानें टिपलेलीं दृश्यें पडद्यावर टाकून तीं पुन्हां १६ मिलिमीटरच्या फितीवर उतरवून घेतलीं. अशा खटाटोपानें ‘क्रांति की तरंगें’ सिद्ध झाला, आणि आणीबाणींत त्याच्या फितीचे तुकडे करून ते देशाबाहेर न्यावे लागले.

हेंच चित्रण पुढें त्यांनीं आपल्या वृद्ध आईवडिलांकडे वळविलें. प्रारंभीं पट काढण्याचा बेत नव्हता. आठवण म्हणून जवळ राहावें, एवढाच हेतु होता. पण बोलणें निघालें तों देशाचा इतिहासच पुढें आला. वडील अहमदनगरच्या पटवर्धन घराण्यांतले. रावसाहेब आणि अच्युतराव हे त्यांचे बंधु स्वातंत्र्यलढ्यांत अग्रभागीं होते. १९४२ सालीं अच्युतरावांनीं भूमिगत राहून लढा चालविला. आई निर्मलाबाई सिंधमधल्या, शांतिनिकेतनांत शिकलेल्या आणि मातीचीं भांडीं घडविण्याच्या कलेंत नांव मिळविलेल्या. त्यांचे वडील भाई प्रताप यांनीं फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांसाठीं कच्छांत गांधीधाम वसविलें.

येथें एक प्रश्न उद्भवतो. जन्मदात्यांचें वार्धक्य परक्यांच्या दृष्टीपुढें मांडावें काय? कुतूहलासाठीं मांडलें तर तो अपराधच होय. परंतु विचारणारा पोटचा मुलगा आहे, उत्तर देणाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास आहे, आणि दुखण्याबरोबर त्यांची थट्टामस्करीही टिपली आहे. तेथें पाहणारा आगंतुक राहत नाहीं. पट प्रसिद्ध झाला तो दोघेंही निवर्तल्यावर दहाहून अधिक वर्षांनीं. बेत पक्का होईपर्यंत कॅमेरा बंद ठेवला असता, तर बोलणारीं माणसेंच उरलीं नसतीं.

नागपूरकरांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचे साक्षीदार केव्हांच गेले. १९४२ च्या चिमूर-आष्टीची आठवण सांगणारा आतां क्वचितच भेटेल. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं येथें बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हां बापाच्या खांद्यावर बसून आलेलीं मुलें आज सत्तरीच्या पुढचीं आहेत आणि याच शहरांत नांदत आहेत.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें आहे. प्रथम त्यांची संमति घ्यावी आणि मग लहान लहान प्रश्न विचारावे: त्या दिवशीं बरोबर कोण होतें? शिदोरी काय होती? घरीं परतलां कसे? चित्रणावर नांव, तारीख आणि गांव अवश्य लिहावें. हें काम येत्या रविवारींच व्हावें. पुढच्या दिवाळीची वाट पाहूं नये.