तटावरचा पहारा आणि आतला पहारा



"तू नेमकं काय करतोस रे?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. मी संगणकांवर पहारा ठेवतो. हा पहारा दोन प्रकारचा असतो, आणि नगरकरांना तो समजवायला आपला भुईकोट किल्ला पुरे आहे.

१५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. तटावरच्या पहारेकऱ्याला जमिनीखालचं काय दिसणार? आतल्यांना खबर लागली, त्यांनी काही सुरुंगांतली दारू उपसून काढली. एक मात्र उडालाच. चांदबिबीनं ते खिंडार रातोरात बुजवून घेतलं. (इतिहासाच्या सरांनी चुकलं तर कान धरावा.)

नेटवर्कवरचा पहारा म्हणजे तटावरचा. १९९८ साली आलेलं स्नॉर्ट हे त्यातलं जुनं नाव. फायरवॉलजवळ बसून ते येणारी-जाणारी पाकिटं तपासतं. एका जागेवरून साऱ्या संस्थेवर नजर राहते. पण हल्ली बहुतेक पाकिटं कुलूपबंद; कुठून कुठे गेलं ते कळतं, आत काय होतं ते नाही. दुसरा पहारा प्रत्येक सर्व्हरच्या आत बसतो, ओसेकसारखा. कोणती फाइल बदलली, कोण कोणाच्या नावानं शिरलं, मध्यरात्री कोणता नवा प्रोग्राम सुरू झाला, हे त्याला दिसतं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. ऑगस्ट २०१८. मालवेअर आत शिरलं आणि एटीएमच्या विचारणांना एका खोट्या स्विचनं परस्पर 'हो' म्हटलं. खात्यांच्या मुख्य प्रणालीपर्यंत विचारणा पोहोचलीच नाही. ११ तारखेला काही तासांत २८ देशांतून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्टमधून १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

आपल्यातले काही जण पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत. फायरवॉल घेतला की निर्धास्त झोपा, असं विकणारे सांगतात. फायरवॉल हवाच. पण त्यापुढे पैसे एकाच पहाऱ्यापुरते असतील, तर ज्या सर्व्हरवर ठेवीदारांची खाती आहेत त्याच्या आत आधी पहारा बसवा, असं माझं मत. त्याच्या नोंदी मात्र दुसऱ्या मशीनवर पाठवा. घुसलेला माणूस पहिल्यांदा त्याच पुसायला बघतो. आणि रात्री दोनला इशारा आला तर फोन कोण उचलणार, ते नाव आजच लिहून ठेवा. आपल्या वर्गातलं नको. पहिल्या तासालाही आपल्यातलं कोणी जागं नसायचं!