गोळीच्या आधी रक्त पाहा

औषधांच्या दुकानात ‘अँटिऑक्सिडंट’ छापलेल्या बाटल्या तुम्ही पाहता. त्यांच्यावर माझा भरवसा नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अशा गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्तच निघाला. शरीराची खरी राखण त्याची स्वतःची प्रथिनं करतात. त्यांतल्या एकाशी आपल्या या रानातल्या, सुपा धरणाकाठच्या मुलखाची गाठ थंडीतापाच्या निमित्तानं पडते.

त्याचं नाव जी-सिक्स-पीडी. तांबडी पेशी जन्मभर ऑक्सिजन वाहते, आणि त्याच ऑक्सिजनापासून तिला जाळणारे रेणू तयार होतात. ते निवळवतं ग्लुटाथायोन. वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावायला एनएडीपीएच नावाचं द्रव्य लागतं. इतर पेशींना ते मिळवायच्या आणखीही वाटा असतात. तांबडीला एकच, आणि ती या प्रथिनापासून सुरू होते. ते जन्मतः कमी असलं तरी माणूस एरवी ठणठणीत दिसतो. मग व्हायवॅक्स जातीचा मलेरिया होतो, त्यावरचं औषध प्रायमाक्विन सुरू होतं, आणि दोन-तीन दिवसांत पेशी फुटू लागतात. लघवी कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. यामागचं कारण १९५६ साली अमेरिकेत उलगडलं.

हा दोष परक्या मुलखातला समजू नका. मुंबईतल्या पारशी समाजात तो आढळल्याचं १९६३ सालीच प्रसिद्ध झालं. १९८४ साली एका कोळी कुटुंबात त्याचा नवा प्रकार सापडला, त्याला नावच ‘कल्याण’ पडलं. आईकडून तो मुलाकडे येतो आणि पुरुषांत जास्त दिसतो. घरात कुणाला औषधानंतर अशी कावीळ झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला तसेच घालू नका. त्यांनीही हाच घात होतो.

म्हणून प्रायमाक्विन टाकून द्यायचं का? मुळीच नाही. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात आणि ताप महिन्यांनी उलटतो. त्यांना हे औषध मारतं. नेहमीचा क्रम १४ दिवसांचा. प्रथिन कमी असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे. गरोदर बाईला मात्र ते देत नाहीत. हा फरक ठरवायला रक्ताचे काही थेंब पुरतात. सुपा धरणापायी गाव सोडून रामनगरात वसलेल्या माणसाला त्यासाठी बेळगाव-हुबळी गाठावी लागू नये. जिथे गोळी मिळते तिथेच तपासणी मिळावी, ही माझी मागणी आहे.

आणि तपासणीची वेळ सांभाळा. पेशी नुकत्याच फुटल्या असतील, तर उरलेल्या आणि नव्या तरुण पेशींत हे प्रथिन जास्त असतं, त्यामुळे अहवाल फसवा, नॉर्मल येऊ शकतो. असं झालं तर निर्धास्त होऊ नका. साधारण तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्या.