ताप आला तर खाडा नको, रजा मागा
(चांदे येथे ग्रामसंघाच्या बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेले भाषण)



आपल्या चांदे-नांदे भागातल्या कितीतरी जणी रोज हिंजवडीला, पिरंगुटला कामाला जातात. कुणी हाउसकीपिंगला, कुणी कँटीनला, कुणी पॅकिंगला, कुणी सोसायटीत धुणीभांड्याला. अंगात ताप असला तरी गोळी घेऊन निघतात. कारण एकच, खाडा पडला की पैसे कापतात. 2023 च्या जुलैत आळंदीकडे डोळ्यांची साथ आली होती, आठवतंय ना? तेव्हा काळा चष्मा लावून कामावर जाणाऱ्या बाया मी पाहिल्यात. एकीचे डोळे आले की चार दिवसांत सगळ्या लाइनचे येणार, हे सुपरवायझरला कळत नाही का? कळतं. पण रजा द्यायची म्हटलं की तोंड वाकडं.

साथीचा कायदा आपल्याकडे 1897 चा, प्लेगच्या वेळचा. त्यात आजाऱ्याला वेगळं ठेवायचं बळ सरकारला मिळालं, पण त्याच्या मजुरीचं काय, ते नाही. कोरोनात 29 मार्च 2020 ला केंद्राने आदेश काढला, लॉकडाउनमध्ये पगार कापू नका म्हणून. मे महिन्यात तो मागेही घेतला. म्हणून साथ यायच्या आधीच आपला हक्क कुठं लिहिलाय ते बघून ठेवायचं.

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का बघा. महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना आहे. आपले शंभराला 75 पैसे जातात, मालकाचे सव्वातीन रुपये. सहा महिन्यांच्या हप्त्यात 78 दिवस भरले असतील, तर पुढच्या ठरलेल्या सहा महिन्यांत आजारपणाचा भत्ता मिळतो. तो मजुरीच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. म्हणजे रोज 400 पडत असतील तर 280. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. मात्र दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा हवा. गावातल्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन गेलात तर हेलपाटा होईल. क्षयरोगासारख्या लांबलेल्या आजाराला याहून जास्त मिळतं. आणि हा भत्ता चालू असताना कामावरून काढता येत नाही, हे लक्षात ठेवा.

कपात होते आणि ईएसआयचा नंबरच दिलेला नाही, असंही आपल्यातल्या एकीच्या बाबतीत ठेकेदाराने केलं होतं. नंबर मागून घ्या.

दुसरं, वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकान-ऑफिसला राज्याचा 2017 चा कायदा लागू आहे. त्यात वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. वर्ष संपलं की ती बुडते.

घरकाम करणाऱ्यांचं मात्र अवघड आहे. त्यांना यातलं काही नाही. घरेलू कामगार मंडळात नोंद असलेल्यांना 2021 च्या निर्बंधांत सरकारने 1,500 रुपये जाहीर केले होते. नोंद नसलेल्या तशाच राहिल्या. तेव्हा नोंदणी करा. आणि माझी सूचना अशी, साथीत आजारी पडलेल्या सदस्येला गटातून अंतर्गत कर्ज त्याच आठवड्यात द्यावं, पुढच्या बैठकीची वाट बघू नये. तिच्या घरांची कामं दुसऱ्या दोघींनी वाटून घ्यावीत, म्हणजे मॅडम दुसरी बाई ठेवणार नाहीत. ठराव करायला कुणाची हरकत आहे का?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पगाराची स्लिप आणावी. लिहिता-वाचता येणाऱ्या शेजारी बसून बघतील.