विरळ हवेतील इंजिन

लडाखमध्ये लेहहून खारदुंग खिंडीपर्यंतचा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांचा आहे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. खिंडीची उंची आधुनिक मोजणीप्रमाणे ५,३५९ मीटर भरते. या चढावर जुनी मोटार धापा टाकू लागते, काळा धूर सोडते आणि टाकी भरलेली असूनही अडून बसते. तिला इंधनाची उणीव नसते. उणीव असते ती हवेची.

इंजिन पेट्रोलवर चालते, हे अर्धेच सत्य होय. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. सिलिंडरचे आकारमान बदलत नाही. परंतु त्यात मावणाऱ्या हवेचे वजन उंचीबरोबर घटत जाते. खारदुंगला हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच असतो. दर हजार फुटांमागे साध्या इंजिनाची सुमारे तीन टक्के शक्ती कमी होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

जुन्या कार्ब्युरेटरला हवेचा हा विरळपणा नीट उमगत नाही. तो प्रमाणाबाहेर पेट्रोल देत राहतो. ते अर्धवट जळते आणि प्लगवर काजळी धरते. आजच्या मोटारींत हवेचा दाब आणि धुरातील प्राणवायू मोजून इंधन आपोआप कमी केले जाते. त्यामुळे धूर थांबतो. गेलेली शक्ती मात्र परत येत नाही.

ती परत मिळवण्याचा मार्ग आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट घेऊन सुचविला होता. वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने एक चाक फिरवावयाचे आणि त्याच्या बळावर बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावयाची, अशी ही टर्बोचार्जरची कल्पना. १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटी शिखरावर नेले. पायथ्याच्या प्रदेशापेक्षाही खाली, समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले होते. टर्बोचार्जर जोडताच गेलेली सारी शक्ती त्याला परत लाभली.

आज लडाखची रसद वाहणाऱ्या डिझेल ट्रकांना याच युक्तीचा आधार आहे. हिवाळ्यापूर्वी धान्य, इंधन आणि औषधे वर पोहोचली पाहिजेत. अरुंद खिंडीत एक ट्रक अडला, तर मागची सारी रांग अडते. म्हणून जाणता चालक चढ लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालतो. एवढ्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ८२ अंशांनाच उकळते, हे ध्यानी ठेवून तो तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह टाळतो.

यंत्राची अडचण माणसाने अशी सोडविली. चालकाच्या फुफ्फुसांना मात्र टर्बोचार्जर जोडता येत नाही. विरळ हवेत इंजिनाआधी त्याचेच डोके जड होते, निर्णय चुकू लागतात. मैदानातून आलेल्याने वर जाण्यापूर्वी लेहला काही दिवस विसावा घेणे, हाच त्यावरचा उपाय आहे.