मूठ मोजून घ्या

बँकेत असताना सही जुळत नाही म्हणून मी कितीतरी वृद्धांचे चेक परत केले. गेल्या वर्षी माझाच परत आला. घरी बरणीचं झाकणही उघडेना! डॉक्टरांनी खुर्चीत बसवून, कोपर काटकोनात ठेवून, डायनॅमोमीटर नावाचं यंत्र मुठीत तीनदा दाबायला लावलं. सर्वांत जास्त भरले २४ किलो. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे पुरुषांची पकड २८ आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी असेल, तर ताकद कमी धरतात. मुठीवरून सगळ्या शरीराच्या ताकदीचा अंदाज येतो. तेव्हा ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. आणि सोसायटीतली जी मुलं बँकेत आहेत, त्यांना एवढंच सांगतो: चेक परत करण्याआधी समोरच्या आजोबांचा हात बघा. मी बघितला नव्हता.